बंदुकीला गादी

“चेन हळू ओढा, धाकटे. रनर नवा आहे, अजून रुळायचाय,” थोरले म्हणाले.

मी हळू ओढली. आत आणखी एक कव्हर निघालं. बाहेरचं मरून रेक्झिनचं, कडेने सोनेरी पायपिंग. आतलं मऊ पिवळ्या कापडाचं. त्याच्याही आत लाडावलेल्या पोरासारखी बंदूक झोपली होती. आठवड्यापूर्वी मी ती त्यांच्या हातात दिली तेव्हा तिच्या अंगावर तेलाच्या पुसट थराशिवाय काही नव्हतं.

“बाहेरचं धूळ बसू नये म्हणून, ते कळलं. आतलं कशाला?”

“बाहेरच्याचा रंग लागला तर?”

मी दोन्ही कव्हरं घडी करून बाजूला ठेवली.

थोरले म्हणजे माझे साडू. बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांचं गाड्यांना सीट कव्हरं शिवून देण्याचं दुकान आहे. जगात उघडं काही ठेवू नये, हे त्यांचं एकमेव तत्त्व, आणि ते त्यांनी घरातही सोडलेलं नाही. त्यांच्या टीव्हीच्या रिमोटला कव्हर आहे, फ्रीजच्या मुठीला कव्हर आहे, चष्म्याच्या डबीलाही कव्हर आहे. स्कूटरच्या सीटवर त्यांनी फोमचे इतके थर चढवलेत की सिग्नलला त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मग ते फुटपाथचा काठ शोधून, तिथे एक पाय ठेवून, सारसासारखे उभे राहतात.

बंदूक आमच्या सासऱ्यांची. सासरे शाळेत कवायतीचे मास्तर होते, आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर तबकड्या फोडायचे. यंत्रातून मातीची बशीएवढी तबकडी आकाशात सुटते, ती खाली पडायच्या आत छऱ्याच्या बंदुकीने उडवायची, असा तो खेळ. त्यातले त्यांचे चषक अजून कपाटावर ओळीने उभे आहेत. पण आता त्यांचे हात थरथरतात. म्हणून एके दिवशी त्यांनी आम्हा दोघा जावयांना बोलावून घेतलं. बंदुकीच्या कागदांवर दोघांचीही नावं चढवून झालीच होती.

“एक आठवडा एकाकडे, एक आठवडा दुसऱ्याकडे,” ते मला म्हणाले. “थंडी सुरू झाली की मैदानावर यायचं. जास्त तबकड्या फोडेल त्याची बंदूक.” मग मान वळवून थोरल्या लेकीला म्हणाले, “तुझ्या नवऱ्याला सांग.”

नवरा हाताच्या अंतरावर बसला होता. ताईंनी त्यांना सांगितलं. थोरल्यांनी मान डोलावली. ताईंनी बाबांना सांगितलं, “हो म्हणतायत.”

हे असं तीस वर्षं चाललं होतं. लग्नानंतर थोरले पहिल्यांदा सासरी राहायला आले तेव्हा सासऱ्यांना खूश करायचं म्हणून, ते फिरायला गेल्याचं पाहून, त्यांनी सासऱ्यांच्या वेताच्या खुर्चीवर फोमची जाड गादी ठोकून बसवली. खुर्चीत ताठ बसणं हा सासऱ्यांचा धर्म. ते परत आले, सवयीने बसले आणि पार खाली गेले. उठवायला दोघं लागले. तेव्हापासून ते थोरल्यांशी एक अक्षर बोललेले नाहीत. “तुझ्या नवऱ्याला विचार, चहा घेणार का.” “तुझ्या नवऱ्याला म्हणावं, पंख्याखाली बस.” सगळं ताईंच्या मार्फत. ताई गावाला गेल्या की दोघंही मुके.

तर बंदूक आमच्या दोन घरांत येऊ-जाऊ लागली.

माझा सरावावर विश्वास. मी नगरपालिकेत नकाशे काढतो. रेष एकदा हाताला बसली की बसली, हे मला ठाऊक आहे. रोज सकाळी रिकामी बंदूक घेऊन मी आरशासमोर उभा राहायचो. खांद्याला लावायची, उतरवायची, परत लावायची. मग भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवरून नळी सावकाश फिरवत न्यायची, म्हणजे हात झटका देत नाही.

“आरशातल्याला मारून झालं असेल तर मला केस विंचरू द्या,” बायको म्हणायची. “आणि ताईकडे बघा. भाऊजींनी बंदुकीला काय सुंदर पट्टा केलाय! तुम्ही नुसते कोळिष्टकांवर नेम धरताय.”

पट्टा खरंच सुंदर होता. रुंद, आतून मऊ, नक्षीची शिवण. त्याच्या पुढच्या खेपेला दस्त्याच्या टोकाला फोमची गादी आली, खांद्याला दणका बसू नये म्हणून. ती इतकी जाड होती की बंदूक वर उचलली की काखेत अडकायची. मी ती काढून ठेवली. पुढच्या खेपेला ती परत आली, आणि तिच्या जोडीला दस्त्यावर काडतुसं खोचायच्या चामडी खोबण्या आल्या. त्या त्यांनी नेमक्या गाल टेकायच्या बाजूला शिवल्या होत्या. मैदानावर माझ्या ते ध्यानात आलं नाही. पहिल्याच बाराला काडतुसाची पितळी कड गालात अशी रुतली की दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मी काढायचो, ते लावायचे. नळीखाली बॅटरी आली. तबकड्यांचा खेळ भर उन्हात असतो.

“राहू द्या हो,” थोरले म्हणाले. “असलेली बरी.”

“आणि तुम्ही मारून कधी बघणार?”

“एकदा दुर्बीण बसू दे. मग बघाच.”

दुर्बीण बसली. त्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर मैदानावर गेलो. आमचे प्रशिक्षक कमी बोलणारे. त्यांनी ती बंदूक सगळीकडून पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

“तयार?” त्यांनी विचारलं.

“थांबा, थांबा. झाड फार छान दिसतंय,” दुर्बिणीला डोळा लावून थोरले म्हणाले. “कावळ्याने काय धरलंय चोचीत? काटकी. अहो, काटकीवर मुंगी आहे!”

“साहेब, तबकडी सोडू का?”

“सोडा की.”

तबकडी सुटली, आकाशातून गेली आणि गवतात पडली. थोरले अजून मुंगीच्या मागे होते.

“सुटली का?” त्यांनी विचारलं.

दुर्बीण उतरवली. प्रशिक्षकांनी दुसरी तबकडी सोडली, थोरल्यांनी बार काढला. तिसरी, चौथी. गादी, पट्टा आणि बॅटरीसकट ती जड बंदूक ते फिरवत होते, त्यामुळे तबकडी खाली टेकल्यावर त्यांची नळी तिथे पोचायची. मी पोट धरून हसत होतो. सहज म्हणून बाजूला सरकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं. तबकडी सुटल्याचा खटका झाला की थोरले डोळे घट्ट मिटत होते. कपाळावर आठ्या, दात आवळलेले, इंजेक्शन घेणाऱ्या पोरासारखे. मग बार. मग बऱ्याच वेळाने डोळे उघडायचे.

परतताना आम्ही कोपऱ्यावर चहा प्यायला थांबलो.

“थोरले, तुम्ही डोळे मिटता.”

त्यांनी कपातली साय बोटाने बाजूला केली. “दिसलं का?”

“सगळं दिसलं.”

“अचानक आवाज झाला तर काही वाटत नाही मला. दुकानासमोर टायर फुटतात, मी ढुंकून बघत नाही. पण आता होणार, मीच करणार, असं माहीत असलं की डोळे आपोआप मिटतात. म्हटलं गादी लावू, दणका कमी होईल. पट्टा लावू, पकड बसेल. प्रत्येक आठवड्याला वाटतं, एवढं एक बसवलं की जमेल.”

“मग सोडून द्या ना हट्ट! तुम्हाला बंदूक करायचीय काय?”

“बंदूक कुणाला हवीय?” थोरले म्हणाले. “अहो, ती माझ्याकडे आली तर मला विचारायला जावं लागेल. तेल कुठलं घालू, नळी कशी पुसू, ओल लागली तर काय करू. आणि बंदुकीचं विचारलं की बाबा गप्प बसणार नाहीत. बोलावंच लागेल त्यांना माझ्याशी. थेट.” ते जरा हसले. “ते गेल्यावर बोलून काय उपयोग?”

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर आधी, हा माणूस आता आपल्याला हरवत नाही याचं बरं वाटलं, आणि मग वाईट वाटलं.

“ताईंना माहीत आहे?”

“डोळ्यांचं? नाही. तुम्हीही बोलू नका.”

थंडी सुरू झाली. ठरल्या दिवशी सासरे गळ्याला मफलर गुंडाळून मैदानावर आले आणि ताठ पाठीच्या लाकडी खुर्चीत बसले. दोन्ही लेकी मागे उभ्या. शेवटचा आठवडा थोरल्यांचा होता, त्यामुळे बंदूक पूर्ण शृंगार करून आली. चेन उघडली, आतलं कव्हर निघालं, आणि सासऱ्यांनी सहा महिन्यांत पहिल्यांदाच आपली बंदूक पाहिली. पट्टा, गादी, खोबण्या, बॅटरी, दुर्बीण. शिवाय नळीच्या तोंडाला, धूळ जाऊ नये म्हणून, झालरीची टोपी.

यंत्रावरचे प्रशिक्षक आकाशाकडे बघू लागले.

“तुझ्या नवऱ्याला सांग,” सासरे शेवटी म्हणाले, “चाकं लावायची राहिली.”

बायको खुदकन हसली आणि ताईंनी तिला चिमटा काढला. थोरल्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि खाली बसून एकेक वस्तू उतरवायला लागले. घाई नाही, ओढाताण नाही. शिवण उसवतानाही त्यांनी दस्त्यावर ओरखडा पडू दिला नाही. सगळं उतरल्यावर त्यांनी दस्ता बाहीने पुसला आणि बंदूक बिजागरीपाशी दुमडून, आत काडतूस नाही हे दाखवून, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. त्यांचे कान लाल झाले होते.

दहा-दहा तबकड्या होत्या. आधी माझी पाळी. आरशाने आणि कोळिष्टकांनी मला दगा दिला नाही. मी सात फोडल्या. सासरे मान हलवून म्हणाले, “ठीक.” मला वाटतं, माझ्या लग्नातसुद्धा मी इतका फुललो नव्हतो.

मग थोरले उभे राहिले. खटका, डोळे बंद, बार. तबकडी अख्खी. खटका, डोळे बंद, बार. तबकडी अख्खी. पाचवीनंतर ताईंनी पदर तोंडाशी धरला. त्या मागे होत्या, त्यांना फक्त पाठ दिसत होती. पण प्रत्येक बाराच्या आधी ती पाठ आक्रसत होती, आणि तीस वर्षं पाहिलेली पाठ बाईला कळते. सासरेही पुढे झुकून बघत होते. माझ्या सात झाल्या होत्या, त्यांची एक झाली नव्हती, निकाल लागून गेला होता.

नववी गेली तेव्हा काडतूस देण्याच्या निमित्ताने मी त्यांच्याजवळ गेलो. उदार व्हायला मला आता काही खर्च नव्हता.

“थोरले, ही मारू नका,” मी हळूच म्हणालो. “चापाला बोटच लावू नका. नुसती बघा.”

“नुसती?”

“नुसती. आवाज होणारच नाही.”

खटका झाला. तबकडी सुटली. थोरल्यांनी बंदूक खांद्याला लावलेली होती आणि डोळे सताड उघडे होते. नळी तबकडीच्या मागोमाग वर गेली, तिच्याबरोबर वळली, तिच्याबरोबर खाली आली, अगदी गवतापर्यंत. बार झालाच नाही.

“का हो, अडकली का?” प्रशिक्षकांनी ओरडून विचारलं.

थोरल्यांनी बंदूक दुमडून काडतूस काढलं, ती तशीच हातावर घेतली आणि मागे वळले. एवढा आनंदलेला हरलेला माणूस मी पाहिलेला नाही.

“ती वर जाऊन थांबते हो!” ते म्हणाले. कुणाला असं नाही, सगळ्यांनाच. “उतरायच्या आधी अगदी क्षणभर थांबते. बाबा, थांबते ना?”

ताईंनी सवयीने बाबांकडे वळून तोंड उघडलं, निरोप पोचवायला. पण सासरे खुर्चीतून उठत होते.

“अरे गाढवा, तिथंच मारायची असते!” ते कडाडले. “थांबते तिथं! सहा महिने काय आकाशातल्या कावळ्यांना बार ऐकवत होतास?”

“डोळे मिटत होतो, बाबा.”

“दिसतंय मला! आंधळा नाही मी. तुझी पाठ बघ, खांदा बघ. बंदूक अशी धरतात? घे. परत घे खांद्याला.”

ते काठी टेकत थोरल्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. काठी खाली पडली तर ती त्यांनी पडू दिली. थरथरत्या हाताने त्यांनी थोरल्यांचं कोपर वर ढकललं, मग मान पुढे केली, मग गालावर एक हलकीशी चापट देऊन गाल दस्त्याला टेकवला. थोरले उभं केलं तसे उभे होते. ताई रडत होत्या आणि हसतही होत्या. माझ्या बायकोच्या दंडात त्यांची नखं रुतली होती, तरी तिने दंड सोडवून घेतला नाही.

“आवाजाचं काय करू, बाबा?”

“तो होतो. होऊ द्यायचा. तू तिच्याकडे बघ.” मग सासऱ्यांनी माझ्याकडे न पाहताच हात पुढे केला. “धाकटे, काडतुसं आणा.”

मी जिंकलो होतो. बंदूक माझी झाली होती. हे कुणीतरी मोठ्याने म्हणेल म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली, मग माझ्या पिशवीतला, सरावासाठी राखून ठेवलेला डबा घेऊन त्या दोघांपाशी जाऊन उभा राहिलो.

खटका झाला. थोरल्यांचे डोळे मिटले, पण अर्धेच. बार झाला. तबकडी वर गेली, थांबली आणि अख्खीच्या अख्खी खाली आली.

“परत,” सासरे म्हणाले.

मी दुसरं काडतूस दिलं.