कच्च्या आठवणीचा राउटर

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी एक जुना राउटर आहे आणि पहिल्यापासून भित्रा आहे. इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या एका छोट्या दवाखान्यात, औषधांच्या रिकाम्या खोक्यांमागे आता माझा मुक्काम असतो.

कारखान्यातून मी २००५ साली इथे आलो. गावातल्या रुग्णाचा ईसीजी गोंदियाच्या डॉक्टरांच्या संगणकाकडे धाडायचा, हे माझं काम. माझ्या पोटात दोघे राहतात. एक कंट्रोल प्लेन. कोणाची माहिती कोणत्या वाटेने जाईल हे तो ठरवतो आणि वाटांची यादी लिहून ठेवतो. दुसरा डेटा प्लेन. तो यादी पाहतो आणि आलेली माहिती त्या वाटेला ढकलतो, स्वतः विचार करत नाही. कालव्याचं कोणतं दार उघडायचं ते पाटकरी ठरवतो, पाणी नुसतं धावतं, तसंच हे. पाटकरी चुकला तर पाणी काही विचारायला थांबत नाही. मला भीती याचीच.

मला सांभाळायचे चैतराम ऑपरेटर. २००९च्या उन्हाळ्यात टेलिफोनची जुनी तार बंद झाली आणि टॉवरवरून नवी वाट आली. चैतरामनी ती मला शिकवली, पण पक्क्या स्मरणात उतरवण्याचा शेवटचा हुकूम द्यायला ते विसरले. वाट कच्च्या आठवणीतच राहिली, आणि कच्ची आठवण वीज गेली की पुसली जाते. मला तोंड नाही, सांगणार कसं? भारनियमन सुरू होऊन बॅटरी टीं टीं करू लागली की माझा जीव टांगणीला लागायचा. बॅटरीने कधी दगा दिला नाही. डॉक्टर दवाखान्याला शाबासकी देत होते आणि मी आतून थरथरत होतो.

मग दसरा आला. वीज गेली नाही, चैतरामनीच मला हौसेने बंद केलं. “चालू यंत्राची कुठं पूजा होते का? त्याले बी थोडा आराम पायजे,” असं म्हणत त्यांनी मला पुसलं, हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली.

पुन्हा बटण दाबलं तेव्हा मी नवी वाट विसरलो होतो, आणि विसरलो हेही विसरलो होतो. कंट्रोल प्लेनने पक्क्या स्मरणातली जुनीच वाट यादीत लिहिली. जुना मोडेम शेजारी जोडलेलाच होता, पुढची तार मेली आहे हे त्याला कुठून कळणार? डेटा प्लेन जोमाने कामाला लागला. हिरवे दिवे लुकलुकू लागले.

दुपारी तुलसीराम नावाच्या शेतकऱ्याला धानाच्या बांधीतून, भाताच्या खाचरातून उचलून आणलं. छातीत कळ, अंगभर घाम. रेणू सिस्टरनी ईसीजी काढून पाठवला. उत्तर येईना, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना मोबाइलवरून फोन लावला.

“चैतरामभाऊ, डॉक्टर म्हणतात काहीच नाही आलं. ईसीजी पाहिल्याबिगर इंजेक्शन सांगत नाहीत.”

“लाइट त हिरवी आहे, सिस्टर. जाऊन राहिलं ना.”

“मंग पोचून काऊन नाही राहिलं?”

त्यांनी पुन्हा पाठवला. मी तितक्याच इमानाने तो मेलेल्या तारेत ढकलला. तुलसीरामची बायको सुखवंता नवऱ्याचे पाय धरून खाटेपाशी बसली होती. मित्रांनो, इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

शेवटी चैतरामनी दिव्यांवरची नजर काढून माझी वाटांची यादी उघडली. तिथे जुनीच वाट होती. खिशातली वही काढून त्यांनी नवी वाट पुन्हा लिहिली, आणि या वेळी पक्क्या स्मरणाचा हुकूमही दिला. ईसीजी पोचला. डॉक्टरांनी फोनवर इंजेक्शन सांगितलं. तुलसीराम वाचला.

दिवाळीनंतर तो आला आणि नव्या धानाची लोंबी माझ्यावर ठेवून त्याने हात जोडले. “यानंच वाचवलं मले,” तो म्हणाला. चैतराम खाली मान घालून उभे राहिले. मला मान नाही, नाहीतर मीही घातली असती.

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण त्याआधी त्याला शिकवलेलं पक्कं झालंय का ते पाहा. आणि दिव्यावर विसंबू नका, वाट तपासा. तुलसीराम खाटेवर तळमळत होता, तेव्हा माझे सगळे दिवे हिरवेच होते.