ड्रिल मास्तरांची कंबर

रघुनाथराव ड्रिल मास्तरांना दोन गोष्टी मुळीच खपत नसत, वाकडी रांग आणि लोळणारा माणूस. म्हणून सौसरच्या शाळेचं मैदान सारखं करताना खड्ड्यात रुतलेला रोलर ते एकट्यानं उचलायला गेले आणि कंबरेत कट्‌कन वाजलं, तेव्हा त्यांना दुखण्याआधी लाज वाटली. ओझं उचलताना गुडघे वाकवा, कंबर नाही, हे पोरांना छडी दाखवून शिकवणारा माणूस स्वतः ताठ गुडघ्यांनी वाकला होता.

घरी बायकोला, पंचफुलेला, त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मोहगावच्या आखाड्यात वाढलेला गडी तो. दुखलं की घाम काढायचा, एवढंच औषध त्याला ठाऊक. पहाटे उठून बैठका मारायला लागले आणि खाली बसले ते वर येईनातच. कळ कंबरेतून निघाली ती थेट पोटरीत उतरली. शेवटी पंचफुलेनं शेजाऱ्यांना हाक मारून त्यांना उचलून आत आणलं.

डॉक्टर आले, पाय उचलून पाहिला, टाचणीनं तळवा टोचला आणि म्हणाले, "मऊ गादी काढा. फळीवर निजा, गुडघ्याखाली उशी घ्या, विटेनं शेका. कळ ओसरली की घरातल्या घरात थोडं थोडं चाला. पण झटक्यानं उठलात तर हा पाय जन्मभर ओढत न्यावा लागेल. मग ड्रिल विसरा."

"अन् पंधरा तारखेले झेंडा हाय, त्याचं काय?" मास्तर ओरडले.

झेंड्याचं दुखणं कंबरेपेक्षा मोठं होतं. आजवरचा जन्म 'अटेन्शन' ओरडण्यात गेला होता. आता इंग्रज चालले होते. हेडमास्तर बापूजींनी ठरवलं होतं की पहिल्या झेंड्याला हुकूम आपल्या भाषेत होईल, 'सावधान', आणि तो रघुनाथराव देतील. हुकूम झाल्यावरच दोरी ओढायची. तो काय फळीवर पडून द्यायचा?

मास्तर पडून राहिले, पण पडून राहणं त्यांना येतच नव्हतं. छपरावरच्या कवेलूंच्या रांगा बघत, त्यातलं एक वाकडं कवेलू दिसलं की चडफडत. पुटपुटत 'सावधान' म्हणून बघत. पोरं आता मैदानावर काय गोंधळ घालत असतील या विचारानं अंगाला मुंग्या येत.

"उठाचं असन तर आधी कुशीवर वळा," पंचफुला वीट फडक्यात गुंडाळत म्हणाली. "पाय खाली सोडा. मंग हातानं जोर द्या. कंबरेले काम सांगू नका."

"बाळंतिणीवानी?"

"बाळंतिणीवानीच. माह्या कंबरेले यानंच आराम पडला व्हता."

धाकटीच्या वेळी ती अशी उठायची तेव्हा मास्तर हसले होते. म्हातारी झाली का वो, म्हणाले होते. आता त्यांनी हट्टानं दोन्ही पाय उडवून उठायचा प्रयत्न केला आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असे किंचाळले. पंचफुलेनं वीट पुन्हा चुलीत ठेवली.

उद्या-परवा नाही, आजच जामसावळीला जायचं, मारुतीकडं बळ मागायचं, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी काढलं. समजावून थकलेल्या पंचफुलेनं शेजारच्या गुणवंताच्या बैलगाडीत हातभर जाड पेंढा पसरला आणि त्यांना आडवं घातलं. गुणवंतानं बैल जपून हाकले, तरी प्रत्येक खड्ड्याला मास्तर गाडीच्या दांड्याला धरून दात खात होते.

जामसावळीच्या पिंपळाखाली दोघांनी त्यांना धरून उभं केलं. समोर मारुतीची मूर्ती, जमिनीवर आडवा निजलेला देव. तो तसाच असतो, लहानपणापासून पाहिलेला. पण आज मास्तर त्याच्याकडं टक लावून बघत राहिले.

"हा बी निजूनच हाय," पंचफुला हळूच म्हणाली. "याचं बळ गेलं म्हनते का कोनी?"

"देवाची गोष्ट येगळी."

"देवाची येगळी, अन् बाळंतिणीची बी येगळीच. तुमीच तेवढे कोन लागून गेले?"

मास्तर भयंकर चिडले. घरी मात्र फळीवर गेल्यावर, ती पाण्याला गेलेली बघून, एकदा कुशीवर वळून पाहिलं.

पंधरा ऑगस्टला आभाळ भरून आलं होतं. बापूजींनी मास्तरांसाठी शाळेच्या व्हरांड्यात बाक मांडला होता. ते त्यावर आडवे होते, अंगात इस्त्रीची खाकी, आणि हात सारखे बाकाच्या कडेवर वाजत होते. पोरांची रांग वाकडी होती. बापूजी दोरी धरून उभे राहिले आणि त्यांनी व्हरांड्याकडं पाहिलं.

"पडूनच द्या हुकूम, मास्तर," ते म्हणाले. "कोनी काही म्हननार नाही."

मास्तरांच्या पोटाचे स्नायू आवळले. आखाड्यातला गडी उसळी मारायला निघाला होता. एवढ्यात बायकांच्या घोळक्यात उभी पंचफुला दिसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं पदराआडून तळहात फक्त कुशीवर वळवला.

मास्तर थांबले. मग सगळ्या शाळेदेखत कुशीवर वळले. पाय खाली सोडले. कोपर टेकलं, मग तळवा. पोरांत कोणीतरी फिस्‌कन हसलं. मास्तरांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. दीडशे वर्षं थांबलेला देश आणखी थोडा वेळ थांबला, बापूजी दोरी धरून थांबले, आणि एक माणूस बाळंतिणीसारखा, सावकाश, उठून उभा राहिला.

"सावधान!"

आवाज फाटला, पण मैदानाच्या टोकापर्यंत गेला. झेंडा वर चढला. पोटरीत कळ येत होती, रांग अजून वाकडीच होती, डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं. जन्मात कधी स्वस्थ न बसलेले रघुनाथराव हलले नाहीत.