डोहातले मासे

"काय रं आजा, एकट्यानंच गेळ टाकलंस? पाड्याला हाक मारायला तोंड नव्हतं?"

गुडघाभर पाण्यात उभ्या शुक्रीनं म्हाताऱ्या लहान्याला विचारलं आणि डोहाकाठची सगळी हसली.

कामावरून परतणारा मोतीराम उतारावरच थबकला. अंगात गोल्फ मैदानावरच्या कामाचा हिरवा शर्ट होता. खाली डोहात मासे उताणे तरंगत होते आणि बायका ते टोपल्यांत, पातेल्यांत, पदरात भरत होत्या.

तलासरीकडच्या त्या पाड्यात गेळाची फळं कुटून डोहात टाकायची आणि गुंगलेले मासे वेचायचे, ही जुनी रीत. पण आदल्या दिवशी घरोघर सांगून, सगळ्यांनी मिळून. चोरून गेळ टाकणाऱ्याला दंड बसे. गेळ टाकणं लहान्याइतकं कुणाला साधत नसे, म्हणून सगळ्यांचं बोट त्याच्याकडेच वळलं.

"मी नाय टाकलं," लहान्या काठावर बसून सांगत होता. "देवाची आन. गेळानं बेडूक कवा मरतो? हा बघा, बेडूकबी मेलाय."

"हात थरथरला असंल, जास्त पडलं," हिरू म्हणाला. "आता काढ दंडाचा कोंबडा."

पुन्हा हशा. लहान्या तेवढा हसला नाही. इतक्या वयात त्याला कुणी चोर म्हटलं नव्हतं.

टेकडीवरच्या रिसॉर्टच्या गोल्फ मैदानावर काल मोतीरामनं गवताच्या किडीवरचं औषध मारलं होतं. फवारणीची टाकी मैदानामागच्या खड्ड्यात धुवायची, असा साहेबांचा हुकूम. पण खड्डा दूर, पाठ भरून आलेली. त्यानं टाकी नाल्यातच धुऊन उपडी केली. नाला कुठं उतरतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. लहानपणी खेकडे धरत तो त्याच नाल्यानं डोहापर्यंत येत असे. आणि खताचं तर बोलायलाच नको. मैदानावर खत पडे, पाण्याचे फवारे दिवसभर चालत, आणि हिवाळ्यापासून डोहावर शेवाळ सायीसारखं धरलं होतं. "पाणी असं कशानं झालं?" बायको विचारी. "ऊन," तो म्हणे.

तीच बायको, शांती, आता भरलं पातेलं घेऊन समोर आली. "आलास? बघ, केवढे मासे! आज कालवण."

गप्प घरी जावं, वाटेत तिचं पातेलं धक्क्यानं सांडावं, असं त्याच्या मनात आलं. पण शुक्रीच्या टोपलीचं काय? हिरूच्या घरात तर चार पोरं.

"खाऊ नका ते," तो म्हणाला. "उन्हानं मेलेत."

"उन्हानं?" शुक्री खिदळली. "मासा हाय का पापड?"

सगळी हसत होती. लहान्या मान खाली घालून बेडूक उलटापालटा करून बघत होता.

"आजानं नाय टाकलं," मोतीराम म्हणाला. "गेळ नाय ते. मैदानातलं औषध हाय. टाकी मी नाल्यात धुतली."

शुक्रीनं पाण्यातल्या आपल्या पायांकडे पाहिलं आणि ती बाहेर आली. बायका पोरांचे हात मातीनं घासू लागल्या. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर मोतीरामला बरं वाटलं असतं.

"सकाळी गुरं हितंच पाणी प्याली," हिरू एवढंच बोलला आणि गोठ्याकडे धावला.

मोतीराम लहान्यापाशी गेला. "आजा, दंडाचा कोंबडा मी देतो."

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"दंड गेळाचा असतो, पोरा," तो म्हणाला. "ह्याचा आपल्यात दंड नाय."

संध्याकाळी मासे पुरून झाल्यावर शांतीनं सवयीनं खुंटीवरचा हिरवा शर्ट काढला, धुवायला निघाली, आणि अंगणाच्या कडेला थांबली. पाड्याला धुणं धुवायला तो एकच डोह होता.

"हा कुठं धुवू?" तिनं विचारलं.

मग तिनंच शर्ट तसाच कुडाच्या टोकावर टाकला, पोरांच्या कपड्यांपासून लांब.