संडासाची भूक

कापूस घरात आला की घरातले आवाज बदलतात. भाव वाढेल या आशेवर म्हसावदच्या त्या घराची पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली होती, आणि तेव्हापासून हाका, भांडी, रस्त्यावरच्या मोटरसायकली, सगळंच कुणी उशीखालून बोलावं तसं दुरून ऐकू येई. त्या मऊ शांततेत रुचिका दिवसभर एकाच गोष्टीची वाट पाहत असे. तिच्या तीन वर्षांच्या रविनाला रविवारपासून शी झाली नव्हती.

शहाद्याच्या डॉक्टरांनी सकाळी पोट दाबून पाहिलं होतं. "आज रात्रीपर्यंत नाही झाली तर उद्या एनिमा देऊ." रविनाला काहीच कळलं नाही. रुचिकाला मात्र ते टेबल, ती नळी, घट्ट धरलेले पाय सगळं आत्ताच दिसू लागलं.

संडासही त्याच सुमारास तुंबला होता. पाणी टाकलं की ते काठापर्यंत चढायचं, थरथरायचं आणि तसंच राहायचं. मोठी माणसं शेजारी थोरल्या दिरांकडे जात. रविना तिथेही बसेना. कुणी डब्यात पाणी भरताना दिसलं की पाय आवळून घ्यायची. आणि 'उद्या माणूस आणतो' असं नवरा, भूपेंद्र, रोज म्हणत होता.

दुपारी रुचिकाने ओढणी नाकाला बांधली, हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि जळणातली पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक लांब, ओलसर काटकी उपसली.

"काय करी ऱ्हायनी व?" ओट्यावर सुपात धान्य पाखडत बसलेल्या सासूबाई, धनुबाई, ओरडल्या. "भूपेंद्र बलाई आनी ना मानूसले."

"त्यांचा उद्या कधी उजाडतो, आई?"

"मन्हा पोऱ्या शे तो. तेन्हा उद्या तेन्हा बापनासारखाच."

रुचिकाने काटकी आत खुपसून जोर लावला. पाणी आणखीच वर आलं. पुन्हा ढकललं, तर काटकीच अडकली. ती सोडवायला म्हणून रुचिकाने तिला पीळ दिला, आणि हाताला काहीतरी जड लागलं. पाण्याखाली हळूहळू काहीतरी गुंडाळलं जात होतं. ती फिरवत राहिली. काटकी वर आली तेव्हा तिच्याभोवती कापूस होता. बाहेरून मळकट, फाडला तर आत अजून पांढराशुभ्र. पुन्हा घातली, पुन्हा फिरवली. ढगाचे लांबलचक पेळू निघावेत तसा तो येतच राहिला. नाकाला ओढणी बांधलेल्या रुचिकाला वासाचंही भान उरलं नाही. एका बोळ्यात सरकी फुगून फुटली होती, आणि तिच्यातून दुधाच्या दातासारखा कोंब डोकावत होता.

"नाही खाल्लं त्यानं?"

रविना दारात उभी होती.

"कुणी गं?"

"संडासनं. त्याचं पोट गुडगुड करत होतं. तूच म्हणतेस ना, पोट बोललं की खायचं. मग मी दिलं. ब्रशनं आत पण ढकललं." तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "आता त्याचं पोट भरलंय. माझी शी कुठे जाणार?"

धनुबाई पदर तोंडाला लावून खदखदल्या. "माय व! आपन कापूसना भावनी वाट दखी ऱ्हायनूत, आनि मन्ही नात संडासले फुकट खावाडी ऱ्हायनी!"

रुचिकाला हसू फुटलं नाही. तिने भरली बादली उचलून ओतली. पाणी काठाशी आलं, क्षणभर थबकलं, आणि मोठा घोट घेतल्यासारखं खाली गेलं.

"झालं त्याचं पोट मोकळं?"

"झालं. आता तुला पुष्कळ जागा आहे."

तिने सगळं फिनेलने घासलं, हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतले आणि रविनाला बसवलं. समोर उकिडवी बसून तिचे दोन्ही हात धरले, नजर तिच्या चेहऱ्यावर रोखली. चेहरा लाल झाला, पुन्हा निवळला. काहीच नाही.

"आई, तू पाहू नको ना."

"नाही पाहत, बाळा."

"पाहतेस. रोज पाहतेस."

रुचिकाने हात सोडले. बाहेर येऊन दार अर्धवट लोटलं आणि भिंतीला टेकून पाठमोरी उभी राहिली. न पाहणं तिला जमतच नसे. मान वळू पाहत होती. तिने डोळे मिटले. पापण्यांवर ऊन आलं. तिला वाटलं, आपण पाण्याखाली आहोत, कोंब फुटलेल्या सरक्या संथ वर वर चालल्या आहेत, आणि त्यातली एकही पकडायची नाही. धनुबाईंनीही सुपातली सळसळ थांबवली होती.

किती वेळ गेला कोण जाणे.

"आई!" आतून हाक आली. "ये! आता पाहा!"