प्लास्टिकची बैलगाडी

"सांगतो, पण तुमचा कोणाचाच इश्वास बसायचा नाही," भीमराजमामांनी जीपच्या पुढच्या सीटवरून मान वळवली, आणि मागं बसलेल्या त्यांच्या भाचीनं, ममतानं, तोंड खिडकीकडं फिरवलं.

दारव्ह्याच्या स्टँडवरून यवतमाळची जीप गच्च भरल्याशिवाय हलत नसे. बसलेली सवारी कंटाळून उतरू नये म्हणून उत्तमसिंग ड्रायव्हर मामांना फुकट पुढं बसवायचा. त्या वर्षांत जो तो बोंडअळी न् कापसाचा भाव एवढंच बोलायचा. मामांकडं दुसरं काहीतरी ऐकायला मिळायचं.

"हे माही भाची. नागपुरात प्लास्टिकची बैलगाडी बनवते. मुंगीच्या डोळ्यात हजार मावतील, एवढी बारकी. तिच्यात नवं जनुक भरायचं न् गाडी थेट पेशीत हाकायची. एरवी हे ओझं विषाणू वाहते, इथं त्याचं काम नाही."

"मंग?" उत्तमसिंगनं विचारलं.

"मंग काय, माल पोचला का पेशी हिरवी पेटते. मी गेलतो ना पाहाले. त्या उजेडात पेपर वाचला."

सवारी हसली. ममता हसली नाही. बैलगाडीची उपमा तिचीच होती. कालच तिनं मामांना तसं समजावलं होतं. पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकचा, धागा जनुकाला घट्ट गुंडाळतो, पेशीत शिरतो, पण आत गेल्यावर गाठ सोडत नाही, वर पेशीच मारतो, हेही सांगितलं होतं. तेवढं मामांनी गाळलं. आता तेच नागपुरात संशोधनाच्या सरांपुढं कबूल करायला ती यवतमाळवरून निघाली होती. तिचा पाय सारखा पत्र्यावर आपटत होता. सुटत का नाही ही जीप?

शेजारी रुखमाबाईच्या मांडीवर तिची नात निकिता पडून होती, डोळे हळदीसारखे पिवळे. सिकलसेलची, रक्ताच्या जन्मजात आजाराची पोर, रक्त चढवायला यवतमाळला चालली होती.

"भीमराजभाऊ, सिकलवर चालते का हे गाडी?" रुखमाबाईनं विचारलं.

मामा अडखळले. पण सगळी जीप कान देऊन होती.

"सिकल? ते तर एका झटक्यात."

रुखमाबाईनं निकिताला खांद्यावर घेतलं, पिशवी उचलली. "मंग पोरीले सुया कायले टोचू? नागपूरची यष्टी आत्ताच समोर लागली हाय. सरक बाई, उतरू दे मले."

उत्तमसिंगनं मामांकडं पाहिलं. मामा काचेतून रस्ता पाहत राहिले.

ममतानं पिशवीचा बंद धरला.

"आजी, बसा. रक्त आजच चढवा. मामा खोटं सांगून राह्यले. माह्या प्रयोगाच्या बशीतल्या पेशी मेल्या, सगळ्या."