डावे हात

माझ्या ताईने सव्वीस वर्षं अस्वलाचे डावे हात शिवले. फक्त डावे. हे ऐकून लोक हसतात, म्हणून मी सहसा कुणाला सांगत नाही.

आमच्या गावात एक शिवणकारखाना होता. चार तासांवरच्या एका मोठ्या थीम पार्कसाठी तिथे प्राण्यांचे पोशाख तयार व्हायचे. आत माणूस शिरतो आणि लहान मुलांसमोर अस्वल होऊन फिरतो, तसले पोशाख. काम वाटून दिलेलं असे. एक बाई डोकं करायची, एक पोट, दोघी पाय. डावा हात ताईकडे आणि उजवा तिच्या समोरच्या मशीनवर बसणाऱ्या बाईकडे. कारखान्यात दोघींना नावाने कुणी हाक मारत नसे. डावी आणि उजवी. मीसुद्धा त्या बाईला उजवीच म्हणायचो, तोंडावर.

कापड एकच, दोरा एकच, तरी दर मागणीत डावे हात जास्त लागायचे. उजवे बारा, तर डावे तीस. जुने डावे हात खांद्यात उसवून परत यायचे. मुकादमबाई ते गाठोडं ताईच्या टेबलावर टाकून म्हणायच्या, "डावे, तुझी लेकरं माहेरी आली बघ!"

"माझी बघ कशी सासरी नांदतात," असं उजवी म्हणणार, हे ठरलेलं.

तिथे ताई सगळ्यांबरोबर हसायची. घरी आली की एक उसवलेला खांदा दिव्याखाली धरून बघत बसायची. तिने एकेरी टिपेची दुहेरी केली, दुहेरीची तिहेरी केली, दोऱ्याला मेण लावलं, आतून पट्टी दिली. हात परत येतच राहिले. मग ती निवृत्त झाली. उजवी मुलीकडे दुसऱ्या गावी गेली आणि गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात वारली. ते पत्र मीच ताईला वाचून दाखवलं. तिने ते घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "माझ्या हातात काय खोट होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही रे. ती गेली ते मला कच्ची समजूनच गेली."

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ताईच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जात चाललाय. कडेचं दिसेल, मधलं दिसणार नाही. नजर वर्षभर तरी टिकेल, म्हणाले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "ताई, काही बघायचं राहिलंय का तुझं?" मला वाटलं, समुद्र म्हणेल.

"अस्वल," ती म्हणाली. "उभं, अख्खं. हात वर करतं तेव्हा खांदा कुठे ओढला जातो, ते एकदा बघायचंय मला."

सव्वीस वर्षांत तिने अख्खं अस्वल कधी पाहिलंच नव्हतं.

सहलीची आखणी मी माझ्याकडे घेतली, आणि चूक तिथेच झाली. मी चौतीस वर्षं ग्रंथालयात होतो, तेही आतल्या खोलीत, पुस्तकांच्या नोंदी करायला. देवघेवीच्या खिडकीवर मला कधी बसवलं नाही, कारण समोर माणूस आला की माझी जीभ टाळूला चिकटते. छापलेल्या शब्दावर माझा भारी विश्वास. त्या पार्कची एक मार्गदर्शिका माझ्याकडे होती, ग्रंथालयाने रद्दीत काढलेली. ती मी दोनदा वाचली आणि आखीव वहीत तीन दिवसांचा तक्ता केला. कुठला पाळणा कुणासाठी, सावली कुठे, बसायला बाकं कुठे. दुसऱ्या दिवशी चार वाजता प्राण्यांची मिरवणूक, तिला लाल चौकट.

"आपण सहलीला चाललोय की परीक्षेला?" ताई म्हणाली.

"आधी ठरवलेलं बरं असतं."

"अरे पुस्तक्या, एक फोन करून विचार की त्यांना."

मी फोन केला नाही. एक पत्र टाकलं. उत्तर आलं नाही, तेव्हा सगळं जसंच्या तसं असणार, असं मी धरून चाललो. आता लिहितानाही कान गरम होतात.

रिसॉर्टची खोली मुलांसाठी केलेली होती. पलंग नावेच्या आकाराचे, दिवा कुत्र्याच्या छत्रीसारखा, नळाचं तोंड बेडकाचं. स्वागतकक्षात आमच्या मनगटांवर केशरी पट्ट्या बांधल्या. "मला वाटलं, दवाखान्यात भरती करतायत," ताई म्हणाली. खोलीत शिरल्या शिरल्या तिने पडद्याची कड बोटांनी चाचपली. "दुमड चोरलीय. दोन धुण्यांत आखूड होणार हा." मग नावेच्या पलंगावर बसून पाय हलवत राहिली. तिला इतकं खुशीत मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटत होती. माझ्या भरवशावर कुणी खूश झालं की मला नेहमी धास्ती वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गुहेतल्या संथ बोटीत बसलो. तक्त्यात तसंच होतं. छताला टांगलेली वटवाघळं ताईला माझ्याआधी दिसली, कारण ती समोर बघतच नव्हती. एखादी गोष्ट बघायची तर तिला नजर बाजूला वळवावी लागते, मग ती कडेने दिसते. दुपारी तक्त्याप्रमाणे खोलीवर विश्रांती घेतली. सव्वातीनला मोठ्या रस्त्याच्या कडेला मी घडीची खुर्ची उघडली, ताईला बसवलं आणि आम्ही वाट पाहू लागलो.

रस्ता रिकामा होता. पावणेचारला मला शंका यायला लागली, आणि चार वाजले तेव्हा लांब दांड्याची सुपली घेऊन एक झाडूवाला आला. ताईने माझी वाट न बघता त्याला विचारलं, "दादा, मिरवणूक कुठपर्यंत आली?"

"मिरवणूक? ती अकरालाच झाली की, आजी. चारची बंद होऊन जमाना झाला."

"मग उद्या बघू."

"उद्या सोमवार. सोमवारी नसते." त्याने आमच्या खुर्चीखालचा कागद सुपलीत ओढला आणि तो पुढे गेला.

अकरा वाजता आम्ही गुहेत वटवाघळं बघत होतो. मी वही उघडली, लाल चौकट बघितली आणि वही मिटली. ताईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त गुडघ्यांवर हात टेकले. "चल," म्हणाली, "खुर्ची घडी कर. पाय भरून आलेत माझे."

त्या संध्याकाळी ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी दोनदा खोलीतला फोन उचलला. दोनदा स्वागतकक्षातल्या मुलीचं "बोला" आलं आणि मी फोन खाली ठेवला. तिसऱ्यांदा उचलायला गेलो, तर भिंतीकडूनच आवाज आला, "त्या बिचारीचा जीव खाऊ नकोस. झोप."

आमची परतीची बस दुसऱ्या दिवशी दोनची होती. सकाळी ताई आंघोळीला गेली तसा मी जिना उतरून स्वागतकक्षात गेलो. माझ्यापुढे कुणी नव्हतं, हे वाईट झालं. विचार करायला वेळच मिळाला नाही.

"माझी बहीण," मी म्हणालो. "म्हणजे तिचे डावे हात…"

"दुखतोय का हात? डॉक्टर बोलावू?" टेबलामागची मुलगी उठलीच.

"नाही, नाही. तिचा नाही. अस्वलाचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी मान खाली घालून, टेबलाच्या लाकडाकडे बघत सगळं सांगितलं. कारखाना, उजवी, डोळे, चार वाजताची मिरवणूक. एका श्वासात इतकं मी आयुष्यात बोललो नसेन. मान वर केली तेव्हा तिने एक नकाशा माझ्यासमोर सरकवला होता. "साडेदहाला कारंज्यापाशी अस्वल येतं, फोटोसाठी. अर्धा तास थांबतं. आताच जाऊन रांगेत उभे राहा."

रांगेत सगळी मुलं आणि त्यांच्या आया. आमच्यापुढच्या बाईने मागे वळून विचारलं, "आजी, नातवंडं कुठायत?"

"हे काय," ताईने माझ्याकडे बोट केलं. "वय जरा वाढलंय, पण रडत नाही फारसा."

अस्वल आलं. तपकिरी, ढेरपोटं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा उंच. बरोबर गळ्यात शिट्टी घातलेली एक मुलगी होती. आतल्या माणसाला बोलायची परवानगी नसते, म्हणून बोलायचं काम तिचं. ताईने मान वळवली आणि कारंज्याच्या कठड्याकडे नजर लावली. "दिसतंय," ती हळूच म्हणाली. "तपकिरी आहे ना? हात वर केला का?"

"केला. उजवा."

"उजवाच करणार," ती म्हणाली. "आणि डावा?"

डावा खालीच होता. त्यात सांगण्यासारखं काही मला आधी दिसलं नाही. अस्वल उजवा हात उंच करून लांबच्या लोकांना हलवून दाखवत होतं, आणि जवळ येणारं प्रत्येक मूल त्याचा दुसरा हात धरत होतं. मोकळा होता तो धरत होतं, एवढंच. एका मुलीने तो धरून पाय उचलले. तिच्यामागच्या पोराने त्याला झोकाच घेतला. एक तीनेक वर्षांचं मूल घाबरून आईकडे पळालं, मग परत आलं आणि दोन्ही हातांनी त्या हाताला मिठी मारून सुटेचना. त्याची आई त्याला ओढत होती, ते हाताला ओढत होतं, आणि खांदा, ताई सांगायची तिथेच, काखेच्या वरच्या अंगाला, ताणला जात होता. वर अस्वलाचा उजवा हात मजेत हलतच होता.

मी मोजायला लागलो. सवय आहे. तरीही मला खात्री वाटेना. मी चुकीचं बघत असेन तर? कालच तर एकदा तिची आशा मोडली होती.

"ताई," मी म्हणालो, "लटकतायत."

"कोण?"

"पोरं. हाताला. डाव्या. उजवा कायम वर असतो ना, म्हणून सगळी डावाच धरतात."

ती कठड्याकडेच बघत होती. "सगळी?"

"एकोणीस झाली. दोघं सोडून सगळी."

रांग सरकली, आमची पाळी आली. ताई पुढे गेली, उजव्या हाताकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. डावा हात मनगटापासून चाचपत ती खांद्यापर्यंत गेली, काखेत बोट घातलं, शिवण तपासली. अस्वल गप्प उभं राहिलं. मग माझ्या शहात्तर वर्षांच्या बहिणीने दोन्ही हातांनी तो हात धरला, गुडघे वाकवले आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला.

"अहो आजी, तुम्हीपण!" शिट्टीवाली ओरडली. "पोरांनी काय कमी वाट लावलीय! दर महिन्याला सुटतो तो खांदा!"

"उजवा?" ताईने लटकूनच विचारलं.

"उजव्याला काय धाड भरलीय? तो नुसता हवेत."

अस्वलाने डावा हात वाकवून ताईला हळूच उभं केलं. मागच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. ताईने त्याच्या खांद्यावरचे केस एका दिशेला नीट केले, जसे ती मुकादमबाईंच्या हाती माल देताना करायची, आणि ती रांगेतून बाहेर आली.

आम्ही एका बाकावर बसलो. बसला अजून तीन तास होते. मला वाटलं होतं ती हसेल, निदान सुटल्यासारखा श्वास तरी टाकेल. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. त्याने काही फरक पडत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

"हा कुणीतरी दुसरीनेच शिवलाय," ती म्हणाली. "टीप एकेरीच आहे. माझी चांगली होती रे. माझी खूपच चांगली होती."

"मग झालं तर."

"काय झालं? कुणाला सांगू?" ती म्हणाली. "सव्वीस वर्षं समोर बसली होती. एका डब्यात जेवलो. हे ऐकून काय म्हणाली असती माहितीये तुला?"

"काय?"

"म्हणाली असती, 'वर करून हलवायला जास्त ताकद लागते, डावे. लटकवून घ्यायला काय लागतं!' हार मानली नसती मेलीने. पण घरी जाऊन रात्रभर विचार केला असता. मला ते बघायचं होतं. दुसऱ्या दिवशीचं तिचं तोंड."

मी बोलायच्या बाबतीत कसा आहे, ते सांगून झालंय. तरी म्हणालो, "मला सांग. मी उजवी समज."

"तुला नाही जमायचं."

"नाही जमायचं," मी कबूल केलं.

कारंज्यापाशी नवी रांग लागली होती. ताईने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली, समोरच्या रिकाम्या बाकाकडे तोंड केलं आणि जरा पुढे वाकली, मशीनचा आवाज चालू असताना वाकावं लागतं तशी.

"अगं ऐक," ती म्हणाली. "पोरं लटकायची गं त्याला."