तुंगा गावाला गेली

लेकीच्या, वनजाच्या लग्नात म्हैसूरच्या नर्मदाबाई एकदाच चुकल्या. पंगतीच्या तोंडाशी उभ्या राहून साताऱ्याच्या पाहुण्यांना जेवायला बोलावताना घाईघाईनं अर्धं कन्नडात म्हणाल्या, "बन्नि, बन्नि, ऊटा तयार आहे."

विहीणबाई, म्हणजे गोदावरीबाई, पानावर बसता बसता म्हणाल्या, "हे आम्हाला बोलावणं झालं की घोड्यांना?"

सगळे हसले. नर्मदाबाईही हसल्या. त्यांच्या घरात चार पिढ्या महाराजांच्या घोडदळात गेल्या होत्या, तेव्हा थट्टा अगदीच निराधार नव्हती. पण त्या दिवसापासून त्यांना आपलीच जीभ उष्टी वाटू लागली.

आता वनजा पहिल्या बाळंतपणाला म्हैसूरला आली होती, मुलगा झाला होता, आणि बारशाला गोदावरीबाई येणार होत्या. नर्मदाबाईंनी घर सारवलं, आणि जमेल तितकी भाषाही. भात म्हणायचं, अन्ना नाही. नवऱ्याला, मालोजीरावांना, ताकीद दिली की पाहुण्यांपुढे शुद्ध बोला, नाहीतर बोलू नका.

"आणि घोड्यांशी?" त्यांनी विचारलं. "ती तेवढी कन्नडच जाणतात."

"घोडी काही ओसरीवर येत नाहीत."

राहिली होती तुंगा.

तुंगा भिंतीपलीकडची. अग्रहाराच्या टोकाला तिच्या नवऱ्याचा पानमळा होता. दोन्ही घरांत एक पितळी डबा वर्षानुवर्षं ये-जा करी. इकडून पुरणपोळी गेली की तिकडून विड्याची पानं यायची. डबा रिकामा परत करायचा नाही, हे दोघींना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. वनजाच्या बारशाला तुंगानंच कन्नड जोगुळ, पाळण्याचं गाणं, म्हटलं होतं, आणि वनजाच्या लेकाला पहिल्या दिवसापासून पायांवर घेऊन तीच न्हाऊ घालत होती. न्हाताना ती गुणगुणायची आणि पोर डोळे मिटून घ्यायचं.

बारशाच्या आदल्या दिवशी बाळाला पुसत असताना नर्मदाबाई तिला म्हणाल्या, "उद्या गर्दी होईल गं. तू मागाहून ये."

तुंगाचा हात थांबला. "गाणार नाही मी, अक्का. नुसती बसते."

"बसशील. पण कुणी विचारलं तर बोलशील ना."

तुंगानं बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि आईच्या कुशीत दिलं. "आयतु," म्हणाली. बरं.

बारसं छान झालं. वनजानं साताऱ्याला शिकलेला पाळणा म्हटला, मालोजीराव दिवसभर खोकले पण बोलले नाहीत, आणि पाळण्यातला मल्हारराव झोपून राहिला. मग गोदावरीबाईंनी पिशवीतून एक हिरवा खण काढला.

"तुमची ती शेजारीण कुठंय? वनजानं पत्रात तिच्याशिवाय दुसरं काही लिहिलंच नाही. म्हटलं, माझ्या नातवाला न्हाऊ घालते, तिची ओटी मीच भरणार."

नर्मदाबाई म्हणाल्या, "ती कालच गावाला गेली. फार वाईट वाटलं तिला."

दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात शुद्ध वाक्य. वनजानं आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी नर्मदाबाईंनी मागच्या दारानं तुंगाकडे घुगऱ्यांचा डबा पाठवला. थोड्या वेळानं तो भिंतीवर ठेवलेला दिसला. चिंचेनं घासलेला, लख्ख. त्यांनी झाकण उघडलं. आत एक पानही नव्हतं.

सकाळी न्हाणीत पाणी तापलं. तुंगा येईना, तशी गोदावरीबाईंनीच बाळाला पायांवर घेतलं. पहिल्या तांब्यालाच त्यानं घर डोक्यावर घेतलं. "न्हाणारी यायची कधी गावाहून?" त्यांनी आतून विचारलं.

"बघते," नर्मदाबाई म्हणाल्या, आणि गोदावरीबाईंनी तुंगासाठी ठेवलेला खण पदराखाली घेऊन मागच्या दारानं निघाल्या.

तुंगा ओसरीवर पानं निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मी ऊरला गेलेय ना, अक्का," ती म्हणाली. नर्मदाबाईंनीच शिकवलेली मराठी, त्यांच्याच हेलाची.

नर्मदाबाई पायरीवर बसल्या. इथून त्यांच्या घरातलं सगळं ऐकू येत होतं. तांब्याचा आवाज, वनजाचं "उगी, उगी", पोराचं रडणं. इतकी वर्षं त्या पायरीवर बसत आल्या होत्या, पण आपल्या ओसरीवर बोललेलं इथं पोचतं हे कधी मनातच आलं नव्हतं. कन्नडच जाणणारी 'घोडी काही ओसरीवर येत नाहीत', तेही पोचलं असेल. त्यांनी खण पुढे केला. तुंगानं पान पुसलं, दुसरं घेतलं.

पलीकडे रडणं वाढलं.

"पाणी कडक आहे," तुंगा म्हणाली. "तो असा कडक पाण्यालाच रडतो." मग पानं बाजूला सारून उठली. खण तिनं घेतला नाही. नर्मदाबाई तिच्या मागून आपल्याच घरी पाहुणीसारख्या निघाल्या.

न्हाणीच्या उंबऱ्याशी तुंगा थांबली. आत गेली नाही. वळून नर्मदाबाईंकडे बघत उभी राहिली.

गोदावरीबाईंचे ओले हात थांबले. "ही कोण?"

"तुंगा," नर्मदाबाई म्हणाल्या. पुढचं वाक्य शुद्ध करायला त्यांना वेळ मिळाला नाही. "ऊरला गेलीच नव्हती ती. मीच तिला बरबेडा म्हटलं. येऊ नको म्हटलं. तुम्ही हसाल म्हणून."

गोदावरीबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, न्हाणीच्या वाफेनं असेल. त्या पाटावरून उठल्या आणि बाळ तुंगाच्या हाती दिलं.

तुंगानं घंगाळात बोट बुडवलं.

"तण्णीर आणा, अक्का," ती म्हणाली.

नर्मदाबाई खण कोनाड्यात ठेवून थंड पाणी आणायला विहिरीकडे गेल्या.